पान सत्त्याऐंशी

"आप्पा, ही वही कुणी तपासली वो?"

अपेक्षा उंबऱ्यातच उभी होती. एका हातात शांतम्माची वही, दुसऱ्या हातात नवंकोरं गाईड. दोन्ही उघडी धरायला बोटं पुरत नव्हती म्हणून गाईडात तिनं खूण म्हणून कंगवा घालून ठेवला होता. मल्लप्पा चटईवर बसून शेंगा फोडत होता. त्याची बायको शांतम्मा जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि वर्षाच्या कार्याला चार दिवस राहिले होते. चटणीला शेंगा घरीच फोडायच्या, विकतचे दाणे आणायचे नाहीत, ही शांतम्माची पद्धत. ती मोडायचं त्याच्या मनात नव्हतं.

"कुठली वही?" तो म्हणाला. ठाऊक होतं, तरी म्हणाला.

"काकूंची की. इंग्लिशची. परवा तुमीच दिली न्हाय का, जुन्या गाईडासंगं." ती आत आली आणि शेंगांच्या ढिगापलीकडे बसली. "ह्या पानावर बाराच्या बारा वाक्यांवर लाल फुल्या हायत. आन मी नव्या गाईडात बघितलं, तर काकूंचं बरोबर हाय. पाच-सा वाक्यं लावून बघितली. एक बी चुकलेलं न्हाय. मग फुल्या कशापायी?"

अपेक्षा शेजारच्या घरातली सून. माहेर करमाळ्याकडचं, शेतीवाडीचं. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आली, आणि आता चोविसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार होती. तिनं फॉर्म भरला हे कळलं त्या दिवशी मल्लप्पानं शांतम्माची सगळी पुस्तकं तिच्या हवाली केली. तिच्यासारखीच शांतम्माही बाहेरून बसली होती, दोन वर्षांपूर्वी, पन्नाशीला आल्यावर.

त्यानं हात झटकले आणि वही घेतली. पान बघितलं. शांतम्माचं अक्षर गोल, कानडी शाळेत गिरवलेल्या मुलीचं असतं तसं. इंग्रजी लिहितानाही तिची अक्षरं भाकरीसारखी गोल यायची. आणि त्या गोल अक्षरांच्या पुढे, प्रत्येक ओळीला एक, अशा बारा फुल्या.

"असतील मारल्या कुणीतरी," तो म्हणाला. "तिच्या वर्गातल्या बाईंनी."

"मग ती बाई आंधळी हाय की." अपेक्षा पुढे सरकली. "आन हे बघा अजून. हे तुमचं जुनं गाईड. शहाऐंशी पानानंतर एकदम एकोणनव्वद. मधलं पान कुटं गेलं?"

मल्लप्पाचा हात शेंगांवर तसाच राहिला.

"शहाऐंशीवर परश्न हायत," ती बोट ठेवून सांगू लागली. "बारा वाक्यं. रमा आंबा खाते, असं सरळ वाक्य. ते उलटं करायचं, म्हंजी आंबा रमाकडून खाल्ला जातो. ही सगळी आजची वाक्यं. त्याची उत्तरं ह्या गेलेल्या पानावर हुती. त्याच पानाच्या पाठीमागं तीच बारा वाक्यं कालची करून दिलीत. रमानं आंबा खाल्ला. हे एकोणनव्वदवर जे हाय न्हाय का, ही त्या कालच्या वाक्यांची उत्तरं. आता कुणी ह्या पानावरनं काकूंचं तपासलं, तर चुकणारच की सगळं. 'इज'च्या जागी 'वॉज' दिसणार. आधी मला वाटलं मीच येडी हाय. मग आकडे बघितले पानांचे."

"ठेव तिथं," मल्लप्पा म्हणाला. "बघतो मी."

"तुमी काय बघणार त्यातलं?" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली, आणि वही-गाईड कोनाड्यात ठेवून गेली.

मल्लप्पानं बेचाळीस वर्षं कार्डं पाडली. सोलापुरी चादरीवर मोर असतो, वेल असते, मधोमध मोठं फूल असतं. ते आपोआप उमटत नाही. आधी बारीक चौकोनांच्या कागदावर नक्षी काढतात, त्याला ग्राफ म्हणतात. त्या ग्राफची एकेक ओळ बघायची आणि पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीवर त्याबरहुकूम भोकं पाडायची. ती पट्टी म्हणजे कार्ड. एका नक्षीला अशी शेकडो कार्डं लागतात. ती सुती दोरीनं एकाला एक ओवून माळ करायची, आणि ती माळ मागावर चढते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो.

हे काम करणाऱ्याला मोर दिसत नाही. त्याला चौकोन दिसतात, भरलेला किंवा रिकामा. मल्लप्पा तर म्हणायचा, ज्याला मोर दिसायला लागला त्यानं हे काम सोडावं, कारण तो मनानं भोकं पाडणार. त्याच्या हाताखालून गेलेल्या किती चादरी लोकांनी पांघरल्या असतील कोण जाणे, पण त्यानं पाडलेल्या कार्डांत चूक निघाली असं फार क्वचित झालं. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर होतं. तरी जुन्या नक्षीची माळ कुठे तुटली, कार्ड फाटलं, तर एक-दोन कारखाने अजून त्याला बोलावतात.

आणि एक नियम होता. माळ सोडायच्या आधी मोजायची. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर निळ्या पेन्सिलीनं आकडा असतो. एक कार्ड गळालं तर मोराची मान तुटते, आणि पुढे चादरीमागून चादर तशीच तुटकी निघत राहते. म्हणून मल्लप्पा माळेच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि आकडे पुटपुटायचा. घाईचं काम असो, मालक दारात उभा असो, मोजल्याशिवाय माळ त्याच्या हातून सुटली नाही.

शांतम्माला हे माहीत होतं. म्हणूनच ती त्याच्याकडे आली होती.

सातवी झाली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा नंदीश दहावीला होता तेव्हा ती त्याच्या शेजारी बसून त्याचे धडे ऐकायची. तो पास झाला, पुढे शिकला, नव्या पेठेत औषधाच्या दुकानात लागला, लग्न करून जुळे सोलापूरला राहायला गेला. तिनं मात्र त्याची दहावीची पुस्तकं रद्दीत घातली नाहीत. पन्नाशीला आल्यावर एक दिवस म्हणाली, मी बसते दहावीला. मल्लप्पाला आधी थट्टा वाटली. मग ती फॉर्म घेऊनच आली.

मराठीला तिला भीती नव्हती. गणित जमत होतं. इंग्रजीसाठी नंदीशच्या वेळचं पुस्तक चालेना, अभ्यासक्रम बदललेला. म्हणून मल्लप्पानंच नव्या पेठेतल्या फुटपाथवरून एक गाईड आणलं. जुनं, पण बांधणी घट्ट होती.

"तुम्ही तपासा," ती म्हणाली होती.

"मला काय येतंय त्यातलं? अक्षरं ओळखतो, तेवढंच."

"तेवढंच पाहिजे. कार्डं तपासता तसं तपासा. गाईडात जे आहे तेच माझ्या वहीत आहे का, बघायचं. समजून घ्यायची गरज नाही."

मग रोज सकाळी तेच. ती भाकऱ्या थापता थापता मोठ्यानं पाठ म्हणायची. "करणारा मागं जाणार, केलेलं पुढं येणार." भाकरी तव्यावर पडायची. "मध्ये 'इज' येणार, नाहीतर 'आर' येणार." भाकरीला पाणी लागायचं. मल्लप्पा चहा घेत बसायचा. भाकऱ्या झाल्या की ती हात धुऊन वही आणायची, आणि तो कारखान्याला जायच्या आधी चष्मा लावून अक्षराला अक्षर लावून बघायचा. बरोबर असलं की काही करायचं नाही. चुकलं की लाल पेननं फुली. सुरुवातीच्या धड्यांत चार फुल्या, तीन फुल्या. मग एकच. ती खुश असायची.

शहाऐंशीव्या पानाच्या दिवशी बाराच्या बारा चुकली.

"असं कसं?" शांतम्मानं वही ओढून घेतली. "आज खाते म्हटल्यावर इथं 'इज'च पाहिजे ना?"

"गाईडात डब्ल्यू हाय. तुझ्यात न्हाय."

"पण का?"

"का ते मला इचारू नको. ग्राफात हाय ते कार्डात पाहिजे."

तिनं गाईडात बघितलं. छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बाराही वाक्यं परत लिहिली, सावकाश, नियम म्हणत म्हणत. पुन्हा तेच. 'इज'च्या जागी 'वॉज', 'हॅज'च्या जागी 'हॅड'. एखाद-दुसऱ्या अक्षराची चूक, पण मल्लप्पाच्या नजरेतून एक भोक सुटत नसे, तर हे काय सुटणार. त्यानं पुन्हा बारा फुल्या मारल्या.

तिसऱ्या दिवशी तिनं सगळीकडे 'वॉज' आणि 'हॅड' लिहिलं. एकही फुली आली नाही.

"आता कसं," मल्लप्पा म्हणाला होता.

 आता दीड-दोन वर्षांनी शेंगा फोडताना त्याला आठवलं, वही मिटून तिनं ओट्यावरचं पीठ पुसलं होतं.

सराव परीक्षेत तिनं त्या प्रश्नाला सगळीकडे 'वॉज' लिहिलं आणि त्या प्रश्नाचे गुण गेले. घरी येऊन आधी कानडीत म्हणाली, "बिडरी," मग मराठीत, "सोडा. मला आज आणि काल यातलाच फरक कळत नाही म्हणायचा." मल्लप्पानं धीर दिला. "सराव हाय ती. खऱ्या पेपराला येतंय." आणि लागोपाठ सल्ला दिला, की गाईड अजून एकदा पाठ कर.

इंग्रजीच्या पेपराला तो तिच्याबरोबर गेला होता. शाळेच्या फाटकाशी पोरींची गर्दी. सगळ्या तिच्या नातीच्या नसल्या तरी लेकीच्या वयाच्या. शांतम्मानं फळ्यावर आपला नंबर शोधला, वर्ग कुठला ते बघितलं. परत फाटकाशी आली आणि म्हणाली, "चला घरी."

"अगं, अजून अर्धा तास हाय."

"चला म्हणते ना."

रिक्षा त्यांनी नव्या पेठेत सोडली. तिथे तिनं एक केरसुणी घेतली, चांगली घट्ट बांधलेली बघून, दोन परत ठेवून. हॉल तिकीट पर्समध्ये आणि केरसुणी काखेत, अशी ती घरी आली.

बाकीचे सगळे पेपर तिनं दिले आणि सगळ्यांत पास झाली. मराठीला तर एकाहत्तर. इंग्रजीपुढे फक्त गैरहजर. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म नंदीश घेऊन आला, तो तिनं भरला नाही. सप्टेंबरात ताप आला, दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी ती गेली.

पण तो पेपर घरात राहून गेला. त्याला कारण तिचा थोरला भाऊ शरणबसव. नव्या पेठेत त्याचं कापडाचं दुकान, आणि तोंड दुकानापेक्षा मोठं. केरसुणीची गोष्ट कळल्यापासून कुठलंही काम कुणी ठरवूनही केलं नाही, की तो म्हणायचा, हा झाला शांतम्माचा इंग्लिशचा पेपर. पुतण्याचं लग्न लांबलं, ते शांतम्माचा इंग्लिशचा पेपर. नळाला पाणी येणार म्हणून आलं नाही, तोही इंग्लिशचा पेपर. हळूहळू सगळे म्हणायला लागले. शांतम्मासुद्धा हसायची. ती गेल्यावर तर तो शब्द निघाला की ती क्षणभर घरात येऊन गेल्यासारखं वाटायचं, आणि कुणाला त्यात वाईट दिसत नव्हतं. मल्लप्पाही हसत आला होता.

दोन दिवस मल्लप्पा गाईडाला शिवला नाही. कोनाड्यापुढून जाताना मान फिरवायचा. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं ते काढलं आणि पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. शहाऐंशी आणि एकोणनव्वदच्या मध्ये, शिवणीत आत, कागदाची एक बारीक कड राहिली होती. पान कुणीतरी सरळ फाडून नेलेलं. फुटपाथवर घेताना त्यानं बांधणी ओढून बघितली होती. पानं मोजली नव्हती.

कार्याच्या दिवशी सकाळी जंगम आले. पाद्यपूजा झाली. शांतम्माच्या फोटोला विभूतीचे तीन पट्टे ओढले. फोटो दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला, तोच मोठा करून घेतला होता, कारण दुसरा एकटीचा फोटो तिचा नव्हताच. मग जंगमांचा प्रसाद झाला, आणि त्यानंतर घरच्यांची पंगत बसली. नंदीश, त्याची बायको, शरणबसव, त्याच्या घरचे, शेजारपाजारचे. अपेक्षा आत शेंगापोळ्या भाजत होती. मल्लप्पा हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं घेऊन वाढत होता. नंदीश म्हणाला होता, अप्पा तुम्ही बसा. त्यानं ऐकलं नाही.

"मग नंदीश," शरणबसव घास घेत म्हणाला, "गाडी कधी घ्यायलास? दिवाळीत घेतो, दिवाळीत घेतो म्हणत दोन वर्षं झाली की रे. तुझी गाडी म्हणजे शांतम्माचा इंग्लिशचा पेपर झाली."

पंगत हसली. नंदीशही हसला आणि फोटोकडे बघितलं.

"शरणू," मल्लप्पा म्हणाला, "ते आता म्हणायचं न्हाय."

"काय ओ दाजी?"

"इंग्लिशचा पेपर. म्हणायचं न्हाय ते."

शरणबसवनं हातातला घास खाली ठेवला. "अहो प्रेमानं म्हणतो. माझी बहीण ती."

"प्रेमानंच म्हणतोस. ठाऊक हाय." मल्लप्पानं पातेलं खाली ठेवलं. डाव हातातच राहिला होता, तोही पातेल्यात ठेवला. "पण ती भिऊन माघारी आली न्हवती. तिला मी माघारी आणली."

कुणाला काही कळलं नाही. तो कोनाड्याकडे गेला, वही आणि गाईड घेऊन आला आणि पंगतीच्या मधल्या रिकाम्या जागेत उकिडवा बसला. मग जसं घडलं तसं सांगितलं. त्याला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे मागचं पुढं झालं, एक-दोनदा परत पहिल्यापासून सांगावं लागलं. फाटलेल्या पानाची कड त्यानं सगळ्यांना दाखवली. तीन सकाळींबद्दल सांगितलं. तिसऱ्या सकाळी आपण काय म्हणालो तेही सांगितलं.

"तिचं बरोबर हुतं," तो म्हणाला. "बरोबर आलेलं मी तिच्याकडनं चूक करून घेतलं."

नंदीशनं ताटावरून हात काढला होता. "अप्पा, जुनं गाईड होतं. पान फाटलेलं तुम्हाला कसं कळणार?"

"मला न्हाय कळणार तर कुणाला कळणार रे? जन्मभर मोजून माळ सोडली. परक्यांच्या चादरी त्या. घरात एक पुस्तक आणलं, ते मोजलं न्हाय."

 शेजारची एक म्हातारी उगाच पदर सारखा करत राहिली. शरणबसव ताटाकडे बघत होता. मग तो खालच्या आवाजात बोलला. दुकानातला माणूस एवढ्या हळू बोलू शकतो हे कुणाला माहीत नव्हतं.

"त्या संध्याकाळी ती मला म्हणली होती, दाजी. मी आलो होतो ना इकडं. मी विचारलं, का गं, आत का गेली नाहीस. तर म्हणली, अण्णा, मला जे बरोबर वाटतं ते चूक निघतं, मग आत जाऊन मी लिहू काय?" त्यानं पाण्याचा तांब्या ओढला, पण प्यायला नाही. "मी म्हणलं, काय पण कारण शोधलंस. आणि केरसुणी बघून हसलो."

 मल्लप्पाला ती हे कधीच म्हणाली नव्हती. त्याला म्हणाली असती, तर तो म्हणाला असता, गाईडात जे हाय ते हाय.

"वाढा दाजी," शरणबसव म्हणाला. "गार व्हायलीय हुग्गी."

मल्लप्पा उठला आणि वाढायला लागला. शरणबसवच्या ताटात त्यानं जास्त वाढली. त्यानं नको म्हटलं नाही.

सगळे गेल्यावर अपेक्षा तवा घासत होती. मल्लप्पा मोरीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"तुला त्या दिवशी खोटं सांगितलं मी. वर्गातली बाई न्हवती."

"कळलं हुतं मला, आप्पा."

"कसं?"

"दुधवाला येत न्हाय त्या दिवशी क्यालेंडरवर तुमी फुली मारता न्हाय का. एक दांडी लांब, एक आखूड. तशाच हुत्या." तिनं तवा उपडा केला. "सासूबाई म्हनल्या, तू काय बोलू नको. त्यांचं ते सांगतील."

दुसऱ्या दिवशी मल्लप्पानं अपेक्षाचं नवं गाईड मागून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन गेलेल्या पानाची झेरॉक्स काढून आणली. पाठपोट, एकाच कागदावर. नव्या गाईडात पानांचे आकडे वेगळे होते, ते त्यानं खोडले. निळ्या पेन्सिलीनं एका बाजूला सत्त्याऐंशी घातलं, दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याऐंशी. कागद जुन्या पानांच्या मापाला कापला. मग पेटीतून दाभण आणि कार्डं ओवायची दोरी काढली. शिवणीत जी कड राहिली होती तिला धरून, कार्डाला कार्ड जोडतात तसा, त्यानं तो कागद गाईडात ओवला. पाच ठिकाणी गाठ मारली. गाईड मिटत नव्हतं नीट, तिथे जरा फुगून राहिलं.

मग चष्मा पुसला, शांतम्माची वही उघडली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

अक्षराला अक्षर. बोट गाईडात, पेन्सिल वहीत. पहिलं बरोबर. लाल फुलीच्या शेजारी त्यानं निळी खूण केली, बरोबरची. फुली खोडता येणार नव्हती आणि त्याला ती खोडायचीही नव्हती. दुसरं बरोबर. तिसरं. अपेक्षा आपली वही घेऊन आली होती, ती शेजारी बसली. आठव्यापर्यंत निळ्या खुणा आल्या.

नवव्या ओळीला त्याचं बोट थांबलं. गाईडात एक शब्द जास्त होता, चार अक्षरांचा. शांतम्माच्या ओळीत तो नव्हताच. त्यानं दोनदा बघितलं. पान फिरवून आकडा बघितला. मग गाईड अपेक्षाकडे सरकवलं.

"हे पान तरी बरोबर हाय न्हवं? हितं हा शब्द पाहिजे?"

अपेक्षानं वाचलं, ओठ हलवत. "व्हय. 'बीन' पाहिजे तितं. काकूंचं ऱ्हायलंय लिहायचं." तिनं गाईड परत त्याच्याकडे सरकवलं. "एवढ्यानं काय हुतंय आप्पा. करा की बरोबर. कोण बघतंय आता?"

"न्हाय," मल्लप्पा म्हणाला. "हे चुकलंय. तिला सांगितलं असतं तर तिनं परत लिहिलं असतं."

नवव्या ओळीपुढची लाल फुली त्यानं तशीच ठेवली. दहावी, अकरावी, बारावी ओळ बघितली. पानाच्या तळाला, मास्तर लिहितात तिथं, निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, बारापैकी अकरा. आकडे फिके उमटले म्हणून परत एकदा गडद केले आणि वही फोटोखाली नेऊन ठेवली.

मग येऊन बसला. "आण तुझी," म्हणाला.

अपेक्षानं वही पुढे केली. त्यानं ती बाजूला ठेवली, तिचं नवं गाईड मांडीवर घेतलं, आणि पहिल्या पानापासून कडेवर अंगठा फिरवत आकडे मोजायला लागला.